डावीकडचा कान

मला कळलं ते मंगळवारी, सकाळी अकरा वाजून सदतीस मिनिटांनी. मिनिटं माझ्या लक्षात राहिलेली नाहीत, ती फोनमध्ये आहेत. प्रकाशचंदशेठच्या ट्रकचं मागचं एक्सल, तडा गेला म्हणून, खाली उतरवलं होतं. वेल्डिंग करून आणलेलं ते एक्सल त्या सकाळी मी पुन्हा गाडीखाली चढवलं, दोन्ही बाजूंची चाकं बसवली आणि गॅरेजच्या नळावर हात धूत उभा होतो. रॉकेलने ग्रीस निघतं, पण नखांच्या कडेला राहतं. ते मी काडीने काढत होतो. फोन वाजला. जळगावहून वृषाली, माझी मुलगी. ती 'पप्पा' म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिच्या मागे कुणी बाई कुणाला तरी चपला बाहेर काढायला सांगत होती. तो बाईचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हणालो, "बरं." मग फोन खिशात ठेवला आणि नळ बंद केला. ट्रकचा ड्रायव्हर पुना चहाचे ग्लास घेऊन येत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा, काय व्हयनं?" मी म्हणालो, "गेली." त्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. त्याला वाटलं लाईट गेली. पंखा फिरत होता. तो पंख्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग त्याने ते दोन्ही ग्लास खाली जमिनीवर ठेवले.

द्रौपदा, माझी बायको, दीड महिना वृषालीकडे होती, त्यातले शेवटचे बारा दिवस दवाखान्यात. किडनीचं दुखणं. रविवारी मी जाऊन आलो तेव्हा बसून पेज प्यायली होती. डॉक्टर म्हणाले होते, सुधारणा आहे. मी तिला म्हणालो, शेठचं एक्सल चढवतो आणि मंगळवारी संध्याकाळी येतो. ती म्हणाली, "घाईत चढवू नका." मंगळवारी संध्याकाळची वेळ आलीच नाही. पुना म्हणाला, "एसटीनी वाट कोठे देखतस आबा, बसा गाडीमा." आणि मी त्याच गाडीत बसून, त्याच एक्सलवर, धुळ्याहून जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल. गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीचा हौदा फार वाजतो, साखळ्या वाजतात, फाळके वाजतात. चाकाचा आवाज त्यात ऐकू येत नाही. एरवी कुठलीही गाडी बाहेर सोडताना मी ड्रायव्हरशेजारी बसून नगावबारीपर्यंत जाऊन येतो, काच खाली करून कान बाहेर ठेवतो. त्या दिवशी शंभर किलोमीटर बसलो आणि काहीच ऐकलं नाही. पुना मधेच म्हणाला, "आबा, पाणी?" एवढं आठवतं. आणि त्याच्या समोरच्या काचेला चिकटवलेला त्याच्या मुलीचा फोटो, दोन वेण्या, उन्हाने पिवळा पडलेला.

त्यानंतरचे दिवस लोकांनी चालवले. द्रौपदाला धुळ्याला आणलं. सातव्या दिवशी जलदान विधी झाला. पांढऱ्या कपड्यात सगळे बसले, वंदना झाली, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलले. जावई, आकाश, शाळेत शिक्षक आहे, त्याला बोलता येतं. तो म्हणाला, "आईंनी शेवटचा फोन पप्पांना केला. त्याही अवस्थेत विचारलं, जेवलात का." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी खाली सतरंजीकडे बघत होतो. सतरंजीला एका ठिकाणी बिडीने जळाल्याचं भोक होतं.

दहाव्या दिवशी वृषाली परत जायला निघाली. जाण्याआधी घरातलं सगळं धुवून काढत होती. मी आत पडलो होतो. मोरीतून तिचा आवाज आला, "पप्पा, हा शर्ट किती दिवस खुंटीला ठेवणार? याला किती वास येतोय." तो मंगळवारचा शर्ट होता. दवाखान्यात तोच, अॅम्ब्युलन्समध्ये तोच. मी म्हणालो, "राहू दे." ती म्हणाली, "राहू दे काय? खिशात काय आहे हे? साबणात गेलं असतं." आणि तिने ओल्या हाताने ते माझ्यासमोर धरलं. प्लास्टिकची छोटी पिशवी, वरून फाडलेली. आत एक लॉक वॉशर. कोरा, तेलकट कागदात.

दोन आणले होते.

"काय आहे? टाकू का?" वृषालीने विचारलं. मी तिच्या हातातून पिशवी घेतली. "लागतं ते," म्हणालो. मी उठून बसलो. मी पिशवी उलटी केली, झटकली, पुन्हा आत बोट घालून बघितलं. एकच होता.

हे ज्याला गाडीतलं कळत नाही त्याला सांगायला पाहिजे. ट्रकचं मागचं चाक ज्या हबवर बसतं तो हब बेअरिंगवर फिरतो, आणि बेअरिंगला जागेवर धरायला एक मोठा नट असतो. त्या नटावर लॉक वॉशर, वॉशरवर दुसरा नट. वॉशर म्हणजे पत्र्याची एक गोल चकती. तिला बाहेरच्या अंगाला कान असतात. दोन्ही नट आवळले की छिन्नीने एक कान नटावर दुमडायचा. तो कान दुमडलेला असला की नट फिरत नाही. दुमडला नाही, किंवा तुटला, तर नट एकेक केस मागे सरकतो. आधी काही कळत नाही. मग हब कोमट व्हायला लागतो. मग एका वळणावर, एका उतारावर, चाक एक्सलचा दांडा घेऊनच बाहेर येतं, म्यानातून काढल्यासारखं. हाताच्या तळव्याएवढी पत्र्याची चकती आहे. किंमत सांगितली तर हसाल. आणि पुष्कळ मिस्त्री जुनीच चकती पुन्हा बसवतात, कारण तिला कान पुष्कळ असतात. एक वापरला तर दुसरा दुमडायचा. मीही तेच करत होतो, वीस वर्षं. फक्त एकदा दुमडून सरळ केलेला कान पुन्हा दुमडायचा नाही. तो मुळाशी चिरतो. वरून दिसत नाही.

हे द्रौपदाने माझ्याकडून ऐकलं आणि मग मलाच शिकवलं. ती अमळनेरची. लग्नाआधी तिथल्या तेलाच्या मिलमध्ये शेंगा निवडायला जायची. तिची बोटं आधी बघायची आणि मग डोळे. मी संध्याकाळी गाडीचं जे काही बारीकसारीक निघालेलं असेल ते घरी आणायचो, नट, वॉशर, पिना, आणि ती रॉकेलमध्ये धुवून परातीत घेऊन बसायची. हे बसेल, हे नाही. नाही म्हटलेलं तिने कधी परत बसवू दिलं नाही. एकदा एक तुटलेला कान तिने परातीतून उचलला. म्हणाली, "हा कसा तुटला?" मी म्हणालो, "दोनदा वाकवला असंल कुणी." "एकदा वाकवलाय हे त्याला कळलं कसं नाही?" "ग्रीसमध्ये काय दिसतं?" ती उठली, वृषालीची नखांना लावायची बाटली आणली, डाळिंबी रंगाची, आणि म्हणाली, "वापरलेल्या कानाला हे लावायचं. हे रॉकेलने निघत नाही." वृषाली तेव्हा अकरावीला होती. ती ओरडली, "आई, माझी नेलपॉलिश ट्रकला?" त्या दिवसापासून माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, कानाला एक डाळिंबी ठिपका असायचा. ड्रायव्हर थट्टा करायचे. पुना म्हणायचा, "आबांची गाडी हळदीला बसलेली नवरी शे." द्रौपदा आतून म्हणायची, "पुन्या, नवरी नीट घरी पोहोचली पाहिजे एवढं बघ."

ती जळगावला गेल्यापासून बाटली कपाटात होती. परातीत मी भाकरीचं पीठ मळत होतो. कुणी निवडायला नाही म्हणून मीच ठरवलं, शेठच्या एक्सलला सगळं बारीक सामान नवीन घालायचं. शेठही तेच म्हणाला. मारवाडी माणूस, लोक उगाच काहीबाही बोलतात, त्याने स्वतः दुकानातून फोन केला, "पितांबरभाऊ, मोठं वेल्डिंगवर भागवलं, तर बारीक सगळं नवीन टाका. माझा मुलगा, पुनीत, त्या गाडीत बसून सुरतेला जातो कधी कधी." म्हणून यू-बोल्ट नवीन, ऑइल सील नवीन, पॅकिंग नवीन, आणि लॉक वॉशर दोन. उजवीकडे एक, डावीकडे एक. ते दोन माझ्या शर्टाच्या खिशात होते. आता खिशात एक होता. म्हणजे गाडीत एका बाजूला जुना होता.

मी पुनाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. मोरीत वृषाली शर्ट आपटत होती. प्रत्येक आपटण्याला माझा एक फोन. सात वेळा लावला. मग शेठला लावला. तो लगेच म्हणाला, "बोला पितांबरभाऊ, कसे आहात? जेवता ना वेळेवर?" आता सगळे हेच विचारतात. मी म्हणालो, "गाडी कुठं आहे?" "कालच नरडाण्याहून सरकी भरली. आज सकाळी निघाला पुना, सुरत. का हो?" "सहज." "सहज? काही राहिलं का काम?" मी म्हणालो, "नाही. कशी चालते विचारायचं होतं." "एकदम छान चालते. दहा दिवसांत चार खेपा झाल्या." मग त्याने विचारलं, "आज पुनीत गेलाय बरोबर. त्याला लावू का फोन?" मी म्हणालो, "नको." का नको म्हणालो? मला सांगता आलं असतं, शेठ, गाडी थांबवा. तीन शब्द होते. पण थांबवा म्हटलं की तो का विचारणार, आणि का याचं उत्तर मला अजून मला स्वतःलाही द्यायचं नव्हतं. नरडाण्याहून सुरत म्हणजे कोंडाईबारीचा घाट. सरकीच्या पोत्यांनी भरलेली गाडी, खाली उतार, डाव्या हाताला दरी. मी मनात किलोमीटर मोजू लागलो. चार खेपा. जाऊन येऊन. बेरीज लागेना. आकडे हातातून निसटत होते, बेअरिंगच्या ग्रीस लागलेल्या गोळ्यांसारखे.

मी पेटीत हबचा पाना, छिन्नी, हातोडी टाकली आणि निघालो. वृषाली दारात आली. "पप्पा, दहावा दिवस आहे. आज कुठे?" "साक्रीकडे. एक गाडी बघायची आहे." "आज?" तिचे हात साबणाने भरलेले होते. ती म्हणाली, "आई असती तर जाऊ दिलं असतं का?" मी म्हणालो, "तिनंच पाठवलं असतं." हे मी कसं बोललो मला कळलं नाही. वृषालीने ओल्या मनगटाने नाक पुसलं आणि म्हणाली, "मी थांबते मग. उद्या जाईन. जेवायला या." मग ती मागून म्हणाली, "तिनं विचारलं होतं ना तुम्हाला, जेवलात का. मी रोज विचारणार आता." मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मार्चचं ऊन, काच तापलेली. मी तो मंगळवारचा तास पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतला, परातीत मांडल्यासारखा. उजवं चाक आधी. मी नेहमी उजवं आधी करतो, ड्रायव्हरची बाजू. उजव्या हबला बेअरिंग, नट, मग खिशात हात घातला, पिशवी फाडली, वॉशर काढला. फाडल्याचा आवाज आठवतो. दुसरा नट आवळला, कान दुमडला, चार ठोके. मग डावीकडे गेलो. बेअरिंग, नट. इथपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. मग ट्रेमध्ये हात. ट्रेमध्ये एक्सल उतरवताना त्याच हबमधून काढलेला जुना वॉशर पडलेला होता, काळा, तेलात. मी तो का उचलला? नवा खिशात होता, छातीवर, चार बोटांवर. एका हाताने नट धरून बसलो होतो आणि दुसरा हात मोकळा होता. मोकळा हात खिशाकडे गेला नाही, ट्रेकडे गेला.

साक्रीच्या अलीकडे बस थांबली. एक म्हातारी चढली, टोपलीत कोंबडी झाकलेली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, हिचं अर्धं तिकीट लागेल." म्हातारी म्हणाली, "ती उभी ऱ्हाई, तिले कसानं तिकीट?" लोक हसले. मीही हसलो असेन. मग मागच्या कुठल्यातरी सीटवर कुणाचा फोन वाजला आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला, छातीपासून एक वीत. तसाच थांबला. त्या हाताला हे थांबणं माहीत होतं. त्याने हे आधी केलं होतं.

फोनही त्याच खिशात होता.

द्रौपदाचा फोन आला की सायकलची घंटी वाजेल असं वृषालीने माझ्या फोनमध्ये करून ठेवलेलं आहे. मंगळवारी दहा वाजून बावन्न मिनिटांनी सायकलची घंटी वाजली. हे मला माहीत होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोनमध्ये तिच्या नावापुढे लाल रंगात ती ओळ आहे, आणि मी रोज ती बघतो. मी फोन उचलला नाही. हात ग्रीसने भरलेले, नट अर्धा, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. मला वाटलं, ती दवाखान्यातल्या जेवणाची कुरकुर करणार. मला वाटलं, ती म्हणणार, आजच या. मला वाटलं, हे झालं की लावू. आणि घंटी वाजत असताना मला वॉशर हवा होता, आणि वॉशर खिशात, फोनच्या मागे होता. खिशात हात घातला असता तर फोन हाताला लागला असता, वाजणारा, थरथरणारा, आणि मग तो उचलावाच लागला असता. म्हणून हात ट्रेकडे गेला. मग नट आवळला. मग एक्सलचा दांडा, पॅकिंग, सगळे बोल्ट. मग पुनाला चहा सांगितला. पाऊण तास. पाऊण तासात मी तिला फोन लावला नाही. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात वृषालीने मला धरून विचारलं, "पप्पा, आईने तुम्हाला लावला होता ना सकाळी? मला बाहेर जायला सांगितलं होतं तिनं, म्हणाली मला त्यांच्याशी बोलायचंय. काय म्हणाली?" मी म्हणालो, "काही नाही. जेवलो का विचारलं." वृषालीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते बघून मला ते मागे घेता आलं नाही. मग तिने ते आकाशला सांगितलं. आकाशने सगळ्यांना सांगितलं. आता अख्ख्या गल्लीला माहीत आहे की द्रौपदाने शेवटी काय विचारलं.

डाव्या हबमधला कान मी दुमडला का, हे मला आठवत नाही. ठोके आठवत नाहीत, घंटी आठवते. दुमडला असेल तर कुठला, ठिपका असलेला की नसलेला, हे मी पाहिलं नाही.

साक्री सोडल्यावर पुनाचा फोन आला. "आबा, सात फोन? काय व्हयनं? मी दहिवेलला ढाब्यावर शे, पुनीतभाऊ जेवी ऱ्हायनात." मी म्हणालो, "गाडी चालते कशी?" "बठ्ठं चांगलं शे. लोणी शे लोणी." "पुना." "हां आबा." "चाकाला हात लाव." "कोणता?" "मागचे दोन्ही. हबला. हात ठेव आणि सांग." तो गेला. फोनमध्ये ढाब्याचं गाणं, ट्रकचे हॉर्न. दहिवेलच्या पुढे घाट लागतो. मग तो परत आला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "उजवं थंड शे. डावं गरम शे आबा. हात ठेवाले येस, पण गरम शे. ब्रेकमुळे व्हई, नही का?" मी म्हणालो, "गाडी हलवू नको." "शेठनी डिलिव्हरी—" "पुना, गाडी एक इंच हलवायची नाही. मी येतोय." तो म्हणाला, "आबा, तुम्ही काय विसरी गयात का?" मी म्हणालो, "हो."

दहिवेलला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ट्रक चिंचेच्या झाडाखाली उभा होता, सरकीची पोती वरपर्यंत. मी आल्यावर पुनीत, शेठचा मुलगा, बाजेवरून उठला, नमस्कार केला, म्हणाला, "काका, काकूंचं कळलं. मी तेव्हा इंदूरला होतो." मी मान हलवली. पुनाने डाव्या चाकाखाली पोतं अंथरून ठेवलेलं होतं, पाण्याची बाटलीही. मी पेटी घेतली आणि गाडीला वळसा घालून उजवीकडे गेलो.

"आबा," पुना मागून म्हणाला, "गरम डावं शे. तुम्ही उजवं काय उघडी ऱ्हायनात?"

"उजवं आधी," मी म्हणालो. "नियम आहे."

"चढवाना नियम शे. बघाना बी शे का?"

नियम नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं, कदाचित उजवीकडे जुना निघेल. कदाचित मी सुरुवातीलाच, सकाळी, घंटी वाजायच्या आधी, साध्या गफलतीने जुना उचलला असेल, आणि पिशवी फाडल्याचा आवाज डावीकडचा असेल. तसं असेल तर नवा डावीकडे असेल, आणि तो खिशातून काढला असेल, घंटी वाजत असताना, फोनला हात लावून. तसं असेल तर माझ्याकडून फक्त एक वॉशर चुकला. मिस्त्री चुकतो. तेवढंच असू दे म्हणून मी उजव्या हबसमोर मांडी घालून बसलो. पुनाने पोतं तिकडून आणून खाली सरकवलं, मी बोल्ट सोडवले. दांड्याच्या कडेला दोन ठोके दिले, पॅकिंग सुटलं, थोडं ऑइल पोत्यावर सांडलं. पुनाने दांडा धरला, ओढून बाहेर काढला. मी बॅटरी आत मारली. फडक्याने ग्रीस पुसलं. नट, आणि नटामागे वॉशर. पांढरा, कोरा. एक कान नटावर पक्का दुमडलेला, बाकीचे सगळे सरळ. चार ठोक्यांच्या चार खुणा. काम असं पाहिजे. असं काम शिकवायला दाखवावं. ठिपका मात्र नव्हता, तो लावणारं माणूस नव्हतं.

मी बॅटरी बंद केली. पुना खाली वाकून बघत होता. "हे तं एकदम चांगलं शे," तो म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं. पुनीत मागे उभा राहून म्हणाला, "काका, पाणी घ्या." मी घेतलं नाही. दांडा पुन्हा आत सरकवला, पॅकिंग पुसून लावलं, बोल्ट आवळले, एकेक, समोरासमोरचे, जसे आवळायचे असतात तसे. त्याला वेळ लागला. मी वेळ लावला. अंगात दुसरा, धुतलेला शर्ट होता, पण खिशात फोन होता आणि पिशवी होती, दोन्ही, मंगळवारसारखीच. वृषालीचा फोन आला. साधी घंटी. मी उचलला. ती म्हणाली, "पप्पा, जेवलात का?" मी म्हणालो, "नाही अजून." ती म्हणाली, "किती वाजले बघा." मी म्हणालो, "वृषाली." ती म्हणाली, "हं?" पुना आणि पुनीत दोघंही ऐकत होते. मी म्हणालो, "आल्यावर बोलतो. तुला एक सांगायचं आहे." तिकडे नळ बंद झाला. मग म्हणाली, "या."

पुनाने पोतं उचलून डावीकडे नेलं, पुन्हा अंथरलं, बॅटरी त्याच्यावर ठेवली. मीही गेलो. हबला हात लावला. कोमट होता, ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखा. रविवारी मी जळगावला तिच्या कपाळाला हात लावला होता तेव्हा ती म्हणाली होती, तुमच्या हाताला ग्रीसचा वास येतो, असू द्या.

"उघडू का आबा?" पुनाने विचारलं. पाना त्याच्या हातात होता.

मी म्हणालो, "दे इकडे."

त्याने पाना दिला. मी तो मांडीवर ठेवला. खिशातला नवा वॉशर काढून पोत्यावर ठेवला. उजवीकडचं झालं. डावीकडचं अजून उघडायचं आहे.